एकतीस दिवस, एकतीस अपृष्ठवंशीय

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाचे पत्र दरवर्षी येते आणि दरवर्षी मी लसीकरण, बालकांचा आहार किंवा प्रतिजैविकांचा अनाठायी वापर यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून मोकळा होतो. ती पाने कोण वाचते, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलेला नाही. या वेळी पत्राखाली हाताने लिहिलेली एक ओळ होती : ‘डॉक्टर, यंदा व्यवसायाबाहेरचे काही लिहा.’ तसे काही लिहावे म्हणून ज्या विषयाला हात घातला, तोही शेवटी व्यवसायातच येऊन थांबला. त्याबद्दल संपादकांची आधीच क्षमा मागतो.

विषय आहे २०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्याचा. त्या महिन्यात मी रोज एक याप्रमाणे एकतीस चित्रे काढली आणि ती सर्व पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची होती. मी चित्रकार नाही. ती चित्रे प्रदर्शनात मांडण्याजोगीही नाहीत. तथापि तीस वर्षांच्या बालरोगचिकित्सेत जे ध्यानात आले नव्हते, असे काही त्या महिन्याने ध्यानात आणून दिले. ते आपल्यासारख्या व्यवसायबंधूंपुढे आणि आपल्या समाजातील वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

नेम कसा लागला

माझी कन्या पुण्याला डिझाइनचे शिक्षण घेते. पितृपक्षात एके रात्री तिचा दूरध्वनी आला. ‘बाबा, रोज रात्री दूरदर्शनवरच्या चर्चा ऐकून तुम्ही रक्तदाब वाढवून घेता, त्यापेक्षा महिनाभर आमच्याबरोबर चित्रे काढा.’ मग तिने सारा प्रकार समजावून सांगितला. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने शाईकामातील आपला हात सुधारावा म्हणून २००९ च्या ऑक्टोबरमध्ये रोज एक शाईचित्र काढण्याचा नेम धरला. ‘इंक’ आणि ‘ऑक्टोबर’ यांच्या जोडातून त्याला ‘इंकटोबर’ असे नाव पडले आणि पाहता पाहता जगभरचे हौशी आणि व्यावसायिक चित्रकार त्यात सामील झाले. पुढे त्याला फांद्या फुटल्या. त्यांतील एक फांदी केवळ अपृष्ठवंशीय प्राण्यांची. कन्येच्या मित्रमंडळाने तीच निवडली होती आणि एकतीस नावांची यादी तयार होती.

‘झुरळे आणि गांडुळे कशाला? फुले काढा की!’ असे मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, ‘फुले सगळेच काढतात, बाबा. आणि तुमचे अर्धे रुग्ण यांच्यामुळेच तर येतात.’ या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही.

आपल्याकडे चातुर्मासात एखादा नेम धरण्याची पद्धत आहे. माझी आजी चार महिने पानावर जेवत असे. तेव्हा महिनाभराचा नेम ही कल्पना मला परकी वाटली नाही. अटी तीनच होत्या. चित्र त्याच दिवशी पूर्ण करायचे, ते शाईने काढायचे आणि ओढलेली रेघ खोडायची नाही. वैद्यकीय व्यवसायात आपण लिहिलेल्या नोंदी खोडता येत नाहीत, तसेच हे.

मुंगीचे सहा पाय

‘अपृष्ठवंशीय’ हा प्राण्यांचा एक गट आहे, असे आपण शाळेत शिकतो. वस्तुतः हा गट नव्हेच. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यांना हे नाव रूढ केले. नाव असे की, जे आहे त्याऐवजी जे नाही ते सांगणारे. आजवर ज्ञात असलेल्या प्राणिजातींपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक जाती कणा नसलेल्यांच्या आहेत. म्हणजे उर्वरित मूठभर जातींनी, ज्यांत आपण मोडतो, आपल्याजवळचा कणा हा निकष धरून बाकी सर्व सृष्टीला ‘इतर’ ठरवून टाकले.

पहिल्या दिवशी यादीत मुंगी होती. मला ती सोपी वाटली. रुग्णालयातून आल्यावर, जेवणानंतर, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर टेबल मांडले. दौत, टाक आणि जाड कागद घेऊन बसलो. तीन गोल काढले : डोके, छाती, पोट. मग प्रत्येक गोलाला पायांची एकेक जोडी दिली. एकूण पाय सहा. चित्र नेटके दिसत होते. ते कन्येला पाठवले. दहा मिनिटांनी उलट निरोप आला : ‘बाबा, मुंगी बघून काढलीत का?’

बघून काढली नव्हती. ओट्याखाली मुंग्यांची रांग रोजचीच, पण भिंग घेऊन खाली बसलो तो आयुष्यात प्रथम. मुंगीचे सहाही पाय मधल्या भागातून निघतात. डोक्याला मिशा आणि जबडे, पोटाला पाय नाहीत. सर्वच कीटकांत ही रचना असते. हे मी अकरावीत शिकलो होतो, प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृती काढून गुण मिळवले होते आणि उत्तर विचारले असते तर बरोबर दिले असते. तरीही हाताने जे काढले ते चुकीचे होते. ठाऊक असणे आणि पाहिलेले असणे यांत एवढे अंतर असू शकते, याची मला कल्पना नव्हती.

आमच्या पिढीच्या डॉक्टरांचा चित्रकलेशी एके काळी निकटचा संबंध होता. शरीररचनाशास्त्रात लाल रोहिणी, निळ्या नीला आणि पिवळे मज्जातंतू आम्ही रंगवले. विकृतिशास्त्राच्या वहीत गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी पेशी भरल्या. सूक्ष्मदर्शकात एक डोळा आणि वहीवर दुसरा, अशी ती कसरत होती. परीक्षा संपली, वह्या रद्दीत गेल्या आणि त्यानंतर तीस वर्षांत औषधांची नावे सोडून मी कागदावर काही उमटवले नाही.

आपल्या शास्त्राचे पूर्वसूरी मात्र चित्र काढत राहिले. मज्जापेशींच्या रचनेसाठी १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे स्पॅनिश डॉक्टर सांतियागो रामोन ई काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते. त्यांनी काढलेल्या मज्जापेशींच्या आकृत्या आजही पाठ्यपुस्तकांत छापल्या जातात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत रंगकण असलेल्या पेशी दिसल्या आणि हिवतापाचा मार्ग उलगडला. असंख्य डास चिरून, एकेका पेशीकडे निरखून पाहिल्याचे ते फळ होते. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

उलट उदाहरणही आहे. एर्न्स्ट हेकेल हेही शिक्षणाने डॉक्टर. सागरी अपृष्ठवंशीयांची त्यांनी काढलेली चित्रे इतकी देखणी आहेत की, १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शंभर चित्रपत्रांचा त्या काळच्या युरोपीय शोभाकलेवरही परिणाम झाला. परंतु याच हेकेल यांच्या भ्रूणांच्या आकृत्यांवर, त्या सिद्धांताला सोयीच्या करून काढल्याचा आक्षेप घेण्यात आला. कुशल हातही आपल्या मताप्रमाणे रेघ वळवू शकतो. माझ्या मुंगीचे तेच झाले होते, कौशल्य वजा करून.

घरातले पाहुणे

पहिल्या आठवड्यात यादीतील बहुतेक प्राणी घरातच मिळाले. परसातल्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. टाकाच्या टोकाने हळूच स्पर्श केला तेव्हा डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुशाखी शिंग बाहेर आले आणि उग्र वास सुटला. नवरात्रात गरब्याचे सूर रात्री उशिरापर्यंत माडीवर येत आणि दिव्याभोवती पतंग जमत. मॉडेल म्हणून त्यांच्यासारखे सहकार्य कुणी केले नाही. झुरळासाठी मात्र घरातून स्पष्ट ताकीद मिळाली : ‘अहो, ते चित्र काढून झालं असेल तर जेवणाच्या टेबलावरून ते मेलेलं झुरळ तेवढं उचला.’

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. पाणी ओसरले, डबकी राहिली आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागात डेंग्यूच्या तापाची मुले येऊ लागली. यादीत डास आला तो ऐन त्या दिवसांत. एडिस इजिप्ती या डासाच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, हे पालकांना मी शेकडो वेळा सांगितले आहे. पण त्याच्या छातीवर पांढऱ्या खवल्यांची वीणेच्या आकाराची नक्षी असते, ती मी त्या रात्री भिंगाखाली प्रथमच पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ते चित्र टेबलावर ठेवले. माहितीपत्रक हातात दिले की पालक घडी घालून खिशात ठेवतात. चित्र पाहिले की प्रश्न विचारतात.

कोजागिरीच्या रात्री मसाला दुधाचा पेला बाजूला ठेवून घोड्याच्या नालेच्या आकाराचा सागरी प्राणी काढला. नावात खेकडा असला तरी तो खेकड्यापेक्षा कोळी आणि विंचू यांच्या कुळाला अधिक जवळचा. ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर तो आढळतो. त्याच्या रक्तात लोहाऐवजी ताम्रयुक्त द्रव्य असल्यामुळे ते निळे दिसते. फ्रेडरिक बँग या अमेरिकन संशोधकांनी १९५६ मध्ये नोंदवले की, विशिष्ट जिवाणूंच्या संसर्गाने ते रक्त गोठते. त्यातून पुढे इंजेक्शने आणि लसी यांत जिवाणूंचे अंतर्विष आहे काय, हे तपासण्याची चाचणी निघाली. आता कृत्रिम पर्यायही वापरात येत आहेत. परंतु गेली कित्येक दशके मी ज्या लसी बालकांना टोचत आलो, त्यांच्या शुद्धतेमागे या प्राण्याचे रक्त होते. त्याला निदान तीन तास देणे हे माझे कर्तव्यच होते.

विंचवाच्या दिवशी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांची आठवण न होती तरच नवल. लाल विंचवाच्या दंशाने कोकणातील मुले हृदय निकामी होऊन दगावत. ग्रामीण भागात, रुग्णाच्या उशाशी बसून, रात्र रात्र नोंदी करून त्यांनी त्या विषाचा हृदयावरील परिणाम ओळखला आणि प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध उपयोगात आणले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ तेव्हा मोठी यंत्रे नव्हती. निरीक्षण होते.

खरजेचा किडा

महिन्याच्या मध्यास यादीत ‘माइट’ होते. मी खरजेचा किडा निवडला. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटरही नाही, शरीर कासवासारखे गोल, पाय आठ आणि आखूड. १६८७ मध्ये बोनोमो या इटालियन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून त्याचे वर्णन केले. एखाद्या रोगाचे निश्चित कारण म्हणून एवढा सूक्ष्म जीव दाखवला जाण्याचे ते पहिल्या काही उदाहरणांपैकी एक.

चित्र काढताना मादी त्वचेत बोगदा कसा करते, हे दाखवण्यासाठी मी बोटांमधली बेचकी रेखाटू लागलो आणि हात थांबला. तसलीच वेडीवाकडी बारीक रेघ मी आठच दिवसांपूर्वी पाहिली होती. आठ महिन्यांचे बाळ, तळहात-तळपायांवर पुरळ, रात्री रडणे. मी ‘ॲलर्जी’ म्हणून औषध दिले होते, तेही दोनदा. आई बोलत असताना स्वतःचे मनगट खाजवत होती, तेही मला स्पष्ट आठवले. म्हणजे डोळ्यांनी सारे टिपले होते. मी मात्र पाहिले नव्हते.

सकाळी त्यांना बोलावून घेतले. तळपायावरचे खरवडून काचपट्टीवर घेतले. विद्यार्थिदशेतला माझा सूक्ष्मदर्शक माळ्यावरून काढला होताच. आदल्या रात्री ज्याचे चित्र काढले तो तिथे पाय हलवत होता. घरातील सर्वांना एकाच दिवशी मलम लावले, कपडे गरम पाण्यात धुतले आणि दोन आठवड्यांत बाळ शांत झोपू लागले. आईला मी सांगितले की, चूक माझी होती. ती म्हणाली, ‘असू दे साहेब, आता झोपतो ना!’

तेविसावा दिवस

हा लेख मी ज्या कारणासाठी लिहिला, तेथे आता येतो.

२०२४ च्या जुलैमध्ये पंचमहालकडच्या एका खेड्यातून एक पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. सकाळी ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी झटके. माझ्याकडे आला तेव्हा बेशुद्ध होता. झटके आटोक्यात आणून, श्वसनाची व्यवस्था करून त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. मी बरोबर गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. पहिल्या तापापासून तीस तासही झाले नव्हते. पुढे अहवाल आला : चांदीपुरा.

आपल्यातील वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा या गावी तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू प्रथम सापडला, म्हणून त्याचे हे नाव. तो मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. आंध्र प्रदेशातील २००३ च्या साथीत ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. २०२४ च्या जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांत ८२ मृत्यू होते. त्यांपैकी ६४ रुग्णांत चांदीपुरा सिद्ध झाला आणि त्या साथीचा मोठा भार गुजरातवर पडला. यावर विशिष्ट औषध नाही, लस नाही. विषाणू पसरवणारा मुख्य जीव म्हणजे सँडफ्लाय, वाळूमाशी.

त्या दुपारी मुलाच्या वडिलांना मी हे सारे जमेल तसे सांगितले. शेतमजुरी करणारा माणूस. तो रडत नव्हता. घरी धाकटी मुलगी होती. त्याने एकच प्रश्न विचारला : ‘साहेब, ए माखी केवी होय?’ ती माशी कशी असते?

मी म्हणालो, लहान असते, डासापेक्षा लहान, भिंतींच्या भेगांत राहते. त्याने पुन्हा विचारले, पण दिसते कशी? आणि मला सांगता येईना. एम.बी.बी.एस.ला, एम.डी.ला, असंख्य व्याख्यानांत मी हे नाव लिहिले आणि उच्चारले. या माशीने आणलेल्या रोगाने गेलेली मुले मी पाहिली. माशी मात्र मी कधीही पाहिली नव्हती. त्याला घरी जाऊन जिच्यापासून मुलीला वाचवायचे होते, तिचे रूप त्याच्या डॉक्टरला ठाऊक नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो. तो मान हलवून निघून गेला.

२३ ऑक्टोबरच्या रकान्यात कन्येच्या यादीत नुसते ‘माशी’ असे लिहिले होते. घरमाशी काढून मोकळे होता आले असते. मी परिचयाच्या एका कीटकशास्त्रज्ञांना आठवडाभर आधीच विनंती करून ठेवली होती. त्यांनी स्पिरिटमध्ये जतन केलेल्या चार वाळूमाश्या एका कुपीतून दिल्या. त्या दिवशी संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवला.

वाळूमाशी दोन ते तीन मिलिमीटर लांबीची असते. रंग फिकट, वाळलेल्या गवतासारखा. सर्वांगावर दाट केस. शरीराच्या मानाने डोळे मोठे आणि काळे. पाय लांब आणि इतके नाजूक की, कुपीतून काढताना दोन तुटले. पंख भाल्याच्या पात्यासारखे, त्यांच्या कडांनाही केस. मी ते घरमाशीसारखे पाठीवर मिटलेले काढायला घेतले होते, कारण कुपीतली माशी तशीच पडली होती. कीटकशास्त्रज्ञांनी वेळीच सावध केले. जिवंत वाळूमाशी बसते तेव्हा तिचे पंख पाठीवर मिटत नाहीत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर उभे राहतात. भिंतीवर तिला ओळखण्याची हीच मुख्य खूण. ती डासासारखी गुणगुणत नाही. लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारल्यासारखी भिंतीवरून सरकते. संध्याकाळी आणि रात्री मादी चावते. अंडी पाण्यात घालत नाही. ओलसर माती, शेण, गोठ्यातला कचरा, भिंतीच्या भेगा येथे तिची वाढ होते. नेहमीच्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती आत शिरू शकते.

चित्राला पाच तास लागले. प्रत्येक केस मी निराळा काढला, तसे करण्याची गरज नव्हती. शेवटी चित्राखाली एक बारीक आडवी रेघ ओढली, अडीच मिलिमीटरची आणि शेजारी लिहिले, ‘खरा आकार’. रात्रीचे दोन वाजले होते. चित्र पूर्ण झाल्याचे समाधान वाटले नाही. ते जुलैत व्हायला हवे होते.

भिंतीवरचे चित्र

त्या चित्राची मोठी प्रत करून मी दवाखान्यात वजन-उंचीच्या तक्त्याशेजारी लावली. खाली गुजरातीत चार ओळी लिहिल्या : भिंतींच्या भेगा लिंपा, गोठा झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवा, शेणकचरा साठू देऊ नका, मुलांना अंगभर कपडे घालून बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवा. आणि ताप येऊन मूल सुस्त झाले, उलट्या वा झटके आले तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नका.

दिवाळीनंतर गावाकडच्या एका आजीबाई नातवाला घेऊन आल्या होत्या. त्या चित्राजवळ गेल्या, त्या बारीक रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘आ तो अमारी भींतमां होय छे.’ ही तर आमच्या भिंतीत असते. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवरून उड्या मारते, हेही त्यांनीच सांगितले. ज्यांना कुणी कधी शिकवले नव्हते त्यांना माशी ठाऊक होती, केवळ तिचा आणि तापाचा संबंध ठाऊक नव्हता. मला संबंध ठाऊक होता, माशी ठाऊक नव्हती.

जानेवारीत ते वडील आले. धाकट्या मुलीला खोकला झाला होता. मुलगी ठीक होती. औषध लिहून झाल्यावर मी त्यांना उठवून भिंतीपाशी नेले आणि म्हणालो, तुम्ही विचारले होते ना, ही ती. त्यांनी मोठ्या चित्राकडे पाहिले, मग खालच्या रेघेकडे. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘आ? आटली नानी?’ ही? एवढीशी?

मी हो म्हणालो. आणखी काही बोलण्यासारखे नव्हते. जाताना त्यांनी चित्राची प्रत मागितली. गावात दाखवायची आहे, म्हणाले. मी दोन दिल्या. पावसाळ्यापूर्वी त्यांनी घराच्या भिंती लिंपून घेतल्या आणि गुरे घरालगतच्या पडवीतून हलवली, हे मला नंतर त्यांच्या गावच्या आशाताईंकडून कळले.

एका चित्राने साथ थांबते, असा माझा दावा नाही. फवारणी, पक्की घरे, वेळेवर मिळणारा अतिदक्षता विभाग यांना पर्याय नाही. पण डॉक्टर म्हणून माझ्या वाट्याला आलेला एक प्रश्न सहा महिने अनुत्तरित होता. त्याचे उत्तर मला पुस्तकातून देता आले नाही, चित्रातून देता आले.

३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटेचे अभ्यंगस्नान, फराळ, येणारे-जाणारे यांतून वेळ काढून शेवटचे चित्र पूर्ण केले. यादीत ‘ऐच्छिक’ असे होते. मी पुन्हा मुंगी काढली. सहाही पाय मधल्या भागातून.

व्यवसायबंधूंना माझी विनंती एवढीच की, दवाखान्याच्या खणात एक कोरी वही आणि एक पेन ठेवा. दिवसाकाठी एक पुरळ, एक नख, एक जिभेचा रंग, एक डास, जे दिसेल ते पाहून काढा. चित्र वाईट येईल. येऊ द्या. जेथे हात अडेल, तेथे आपण पाहिलेले नाही असे समजून पुन्हा पाहा. पालकांनाही सांगतो, मुलाने अंगणातला किडा वहीत काढून आणला तर ‘शी!’ म्हणू नका. त्याचे पाय किती, एवढेच विचारा.

येत्या ऑक्टोबरची यादी कन्येने पाठवली आहे. पहिल्या दिवशी गोचीड आहे. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात गोचिडीमार्फत पसरणाऱ्या क्रायमियन-काँगो तापाने रुग्ण महिलेबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचाही बळी घेतला, हे आपल्या स्मरणात असेल. यादी वाचल्यावर मी स्वतःला विचारले, गोचिडीला पाय किती? आठ, असे उत्तर मनात आले. पुस्तक उघडले तेव्हा कळले की, अंड्यातून निघालेल्या पिल्लांना सहाच असतात. शाई आणून ठेवली आहे.